हयातीची सही

नोव्हेंबर लागला की आम्हा निवृत्तिवेतनधारकांना बँकेत जाऊन हयातीच्या यादीत आपल्या नावापुढे सही करावी लागते. सांगलीतल्या आमच्या शाखेत त्या दिवसांत सकाळी दहापासूनच बाकडी भरलेली असतात. पिशवीत पासबुक, चष्म्याचे घर आणि पाण्याची बाटली घेऊन आलेली माणसे एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत बसतात, आणि गेल्या वर्षी दिसलेला एखादा चेहरा यंदा दिसला नाही तर कुणीतरी हळूच विचारतेच. २०२३ च्या नोव्हेंबरात माझी पाळी आली, तेव्हा मी नेहमीसारखी सही केली आणि यादी खिडकीतून आत सरकवली. आतल्या तरुणाने कागदावरची सही पाहिली, संगणकाच्या पडद्यावरची जुनी सही पाहिली, पुन्हा कागदाकडे पाहिले आणि तो म्हणाला, "काकू, सही जुळत नाहीये. परत एकदा करता का?" मी कोऱ्या कागदावर परत केली. माझ्या आडनावात 'ळ' आहे. त्याच्या दोन वाटोळ्यांपैकी दुसरे काही केल्या मिटेना, आणि शिरोरेघ तिरकी होऊन अक्षरांच्या पोटातून गेली. तिसऱ्यांदा केली, ती तर आधीच्या दोन सह्यांशीही जुळली नाही. मागे रांग खोळंबली होती. त्या मुलाने कसलाही उद्धटपणा न करता, माझी अडचण दूर व्हावी याच भावनेने, शाईचा पॅड पुढे सरकवला. "अंगठा दिलात तरी चालतं, काकू. दोन साक्षीदारांच्या सह्या घेतो."

मी अंगठा दिला.

घरी येऊन साबणाने, मग लिंबाने, मग राखेने चोळला तरी त्या जांभळ्या शाईची रेघ नखाच्या कडेला दोन दिवस राहिली, आणि ते दोन दिवस मी ह्यांच्याशीही नीट बोलले नाही. पस्तीस वर्षे मी मराठी शिकवले होते. पण नुसत्या शिक्षिकेच्या अभिमानाला ठेच लागली, एवढ्यावर ते दुःख संपत नव्हते. १९९० च्या सुमारास साक्षरतेचे वर्ग सुरू झाले, तेव्हा मी नोकरीत नवी होते. शाळा सुटल्यावर आम्ही दोघी-तिघी शिक्षिका हरिपूरकडच्या एका वस्तीवर जात असू. तिथल्या बहुतेक बायका हळदीच्या वखारीत कामाला होत्या. दिवसभर हळद निवडून त्यांची बोटे पिवळी झालेली असत आणि पाटीवर पेन्सिलीच्या पांढऱ्या रेघेशेजारी हळदीचे ठसे उमटत. त्यांना सगळी मुळाक्षरे येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता आणि त्यांना त्याची फारशी ओढही नव्हती. त्यांना हवे होते स्वतःचे नाव. त्यांचे जाड झालेले, पेरांशी ताठरलेले हात माझ्या हातात धरून मी ती नावे गिरवून घेतली आहेत, आणि नाव लिहून झाल्यावर वरून शिरोरेघ ओढताना त्या श्वास रोखून धरत, तो श्वासही मला आठवतो. त्यांतल्या एकीने पहिल्यांदा मजुरीच्या वहीवर सही केली, त्या संध्याकाळी ती वर्गात आली आणि काही न बोलता तिने आपला स्वच्छ अंगठा मला दाखवला. तीस वर्षांनी त्या पॅडवर मी माझा अंगठा टेकवला, तेव्हा समोर बँकेची खिडकी नव्हती, तो अंगठा होता.

सहीचे असे का झाले, हे मला तेव्हा खरोखरच कळले नव्हते. आता मागे वळून पाहते, तर निदान दोन वर्षे माझा हात मला काही सांगू पाहत होता. साडीच्या निऱ्या बोटांतून निसटत. ब्लाउजचे हुक लावायला आरशासमोर पाच पाच मिनिटे जात. दिवाळीत रांगोळीची चिमूट धरली, तर रेघ बारीक पडायच्या ऐवजी मध्येच ढीग पडे आणि मध्येच नुसती जमीन दिसे. फोडणीत मोहरी टाकताना ती हातातून गेली की नाही, हे कळण्यासाठी खाली पाहावे लागे. मी ज्यांना दाखवले, त्या डॉक्टरांनी मनगटातली नस दबली आहे असे सांगितले आणि चार महिने मी मनगटाला पट्टा बांधून झोपले. नंतर जीवनसत्त्वांची इंजेक्शने झाली. मान दुखतच नव्हती, हे मुद्दाम लिहिते, कारण मानेच्या दुखण्यात मान दुखली पाहिजे असेच आपण सगळे धरून चालतो. माझी मान शांत होती. फक्त देवघरात डोके टेकवायला वाकले की मानेतून थेट कमरेपर्यंत विजेची तार फिरल्यासारखी एक झिणझिणी जाई. मी ते कुणालाच सांगितले नाही, कारण ते सांगण्यासारखे काही आहे असे मला वाटलेच नाही. ह्या सगळ्या काळात मी बोल लावत राहिले तो स्वतःच्या निष्काळजीपणाला. कप फुटला की "लक्ष कुठं असतं माझं" असे मीच म्हणे, आणि घरातल्यांनाही तेच खरे वाटे.

अंगठ्याच्या त्या प्रसंगानंतर मात्र मुलाने पुण्याहून येऊन मला मिरजेला नेले. तिथल्या शल्यचिकित्सकांनी मानेला हातही लावण्याआधी माझा उजवा हात स्वतःच्या तळव्यावर सैल ठेवायला सांगितला, मधले बोट हलकेच धरले आणि त्याच्या नखाच्या टोकावर एक टिचकी मारली. माझा अंगठा आपोआप आत वळला. मी तो वळवला नव्हता. त्यांनी पुन्हा टिचकी मारली आणि तो पुन्हा वळला, एखाद्या झोपलेल्या मुलाने दचकावे तसा. मग ते म्हणाले, "मॅडम, हे मनगट नाही. हे वर, मानेत आहे." नंतर माझ्याकडून त्यांनी दहा सेकंदांत जमेल तितक्या वेळा मूठ उघडून मिटवून घेतली. निरोगी माणसाची वीस किंवा त्याहून जास्त वेळा होते, माझी अकरा वेळा झाली. मनगटाची तपासणी करणाऱ्या कुणीही दोन वर्षांत ती टिचकी मारली नव्हती. त्या गोष्टीचा राग अजूनही गेलेला नाही आणि तो गेला आहे असे लिहिणे खोटे ठरेल.

एमआरआयच्या काळ्या फिल्मवर मज्जारज्जू राखाडी दोरीसारखा दिसत होता. मानेत सात मणके असतात. त्यांतल्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली गादी झिजून मागे सरकली होती, तिच्या कडेला हाडाची टोके वाढली होती, आणि मज्जारज्जू जिथून जातो ती साधारण सतरा मिलिमीटर रुंद असायची वाट तिथे आठावर आली होती. दोरी त्या ठिकाणी चेपून चपटी झाली होती आणि तिच्यात एक पांढुरका ठिपका होता. ठिपका म्हणजे तिथल्या पेशींना इजा झाली आहे, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले. पस्तीस वर्षे फळ्याकडे मान वर करून लिहिले, त्याने असे झाले का, असे मी विचारले. ते म्हणाले, "तसं म्हणता येणार नाही. फळ्यावर न लिहिणाऱ्यांनाही होतं. वयानं गाद्या झिजतात." मला फळ्यावर दोष ठेवायचा नव्हता, त्यामुळे ते उत्तर ऐकून बरे वाटले. पण त्यांचे पुढचे वाक्य मी घरी जाऊन डायरीत लिहून ठेवले: "ऑपरेशन करायचं ते आणखी बिघडू नये म्हणून. गेलेलं किती परत येईल, ते मी आज सांगू शकत नाही."

शस्त्रक्रिया २०२४ च्या फेब्रुवारीच्या शेवटी झाली. मानेची शस्त्रक्रिया पाठीमागून होत असेल अशी माझी समजूत होती, पण ती गळ्यातून झाली. गळ्याच्या उजव्या बाजूला, वळीच्या रेघेतच दीड इंचाची चीर द्यायची, श्वासनलिका आणि अन्ननलिका हळूच एका बाजूला सारायच्या, समोरून मणक्यांपर्यंत पोहोचायचे, बिघडलेली गादी पूर्ण काढायची, तिच्या जागी कमरेच्या हाडाचा तुकडा बसवायचा आणि वर टायटॅनियमची पट्टी चार स्क्रूंनी पक्की करायची, असे ते काम. पुढून जाण्याची ही वाट अमेरिकेत १९५० च्या दशकात रॉबिन्सन आणि स्मिथ या शल्यचिकित्सकांनी रूढ केली, हे डॉक्टरांनी मला सांगितले. माझ्या जन्माच्या आधीपासून माणसे या वाटेने जाऊन परत आली आहेत, या विचाराचा त्या रात्री मला फार आधार वाटला. संमतिपत्रावर मी सही केली. तीही वाकडीच आली, पण तिथे ती कुणी कशाशी ताडून पाहिली नाही. सकाळी परिचारिकेने बांगड्या आणि मंगळसूत्र काढायला लावले आणि एका छोट्या पाकिटात घालून ह्यांच्या हातात दिले. ह्यांनी ते शर्टाच्या आतल्या खिशात ठेवले आणि नंतर तीन दिवस तो शर्टच बदलला नाही, हे मला सुनेने सांगितले.

शुद्धीवर आले तेव्हा मानेपेक्षा कंबर दुखत होती, जिथून हाड घेतले होते ती जागा. घशात काटेरी काहीतरी अडकल्यासारखे वाटत होते आणि आवाज नव्हता. आवाजाची नस त्याच वाटेवरून जाते, तिला ताण बसला की काही दिवस घसा बसतो, हे आधी सांगितलेले असूनही, तोंड उघडल्यावर नुसता वारा बाहेर आला तेव्हा मी घाबरले. हात गेला होता, आता आवाजही गेला, मग शिकवणाऱ्या बाईचे उरले काय, असे काहीसे मनात आले असावे. आवाज हळूहळू तीन आठवड्यांत परतला, पण आजही वरच्या पट्टीत तो किंचित फाटतो. गिळणे त्याहून अवघड होते. आठ दिवस पेज आणि ताक, मग रव्याची खीर, मग मऊ भात. आयुष्यभर ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या मला भाकरीचा पहिला घास गिळायला महिना लागला, आणि तोही आमटीत कुस्करून, प्रत्येक घासागणिक थांबून, खाली उतरला याची खात्री करून.

मग पट्टा. कडक, हनुवटीखाली आणि छातीवर टेकणारा तो गळपट्टा मी सहा आठवडे वापरला. मान जखडली की माणसाला काय काय दिसेनासे होते, याची मला कल्पनाच नव्हती. आजूबाजूचे दिसत नाही हे समजण्यासारखे आहे. पण खालचे दिसत नाही, हे फार जाणवते. स्वतःचे पाय दिसत नाहीत. उंबरा दिसत नाही. पुढ्यातले ताट दिसत नाही, आणि हाताला आधीच स्पर्श नीट कळत नव्हता, त्यामुळे वाटी कुठे आणि भात कुठे हे चाचपत जेवावे लागे. तिसऱ्या दिवशी ह्यांनी टेबलावर पिठाचा मोठा डबा उपडा घातला, त्यावर पाट ठेवला आणि पाटावर ताट. ताट माझ्या डोळ्यांसमोर आले. इतकी वर्षे एकत्र काढलेल्या माणसाला ही युक्ती सुचायला तीन दिवस लागले आणि मला ते सांगायलाही सुचले नाही, याचे दोघांनाही रडू आले. वेणी घालायलाही तेच शिकले. पट्टा सोडायचा तो फक्त आडवे पडूनच. मी उशी न घेता सरळ पडायचे, त्यांनी वेलक्रो उचकटायचे, ओल्या फडक्याने गळा पुसायचा आणि जखमेकडे न बघण्याचा प्रयत्न करत बघायचे. त्या काही मिनिटांत गळ्याला लागणारी हवा मला इतकी हवीहवीशी वाटे की मी संध्याकाळपासून सकाळची वाट पाहू लागे.

हे पाटबंधारे खात्यात होते. सांगलीत पावसाळ्यात माणसे भेटली की "आयर्विनला किती?" असे विचारतात. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी चाळीस फुटांवर गेली की इशारा आणि पंचेचाळीसवर गेली की धोका, हे इथल्या लहान पोरालाही पाठ असते, आणि २०१९ साली ते सत्तावन्नाच्या वर गेल्याचेही. नोकरीत असताना पावसाळ्यात हे दर तासाचा आकडा वहीत लिहीत असत. निवृत्तीनंतर बंद पडलेली ती सवय माझ्या आजारपणात परत आली. शंभर पानी वहीत त्यांनी रकाने आखले आणि घड्याळ हातात घेऊन रोज दोनदा माझी मूठ मोजू लागले. स्वयंपाकघरातून हाक येई, "आज किती?" शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी सकाळी बारा, संध्याकाळी बारा. दहाव्या दिवशी तेरा. मग आठ दिवस तेरावरच. मग पंधरा, आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा तेरा, आणि त्यापुढे त्यांनी बारीक अक्षरात लिहिले आहे: 'झोप नाही. आज मोजायला नको होते.' पाणी उतरताना कधी सरळ उतरत नाही, एकदा खाली जाते आणि वरून सोडले की पुन्हा चढते, असे ते मला समजावीत. माझी मूठ उतरण्याऐवजी चढायला हवी होती, पण मी त्यांचे बोलणे दुरुस्त केले नाही.

सहाव्या आठवड्यात पट्टा काढायला मिरजेला गेलो, तेव्हा क्ष-किरणाच्या अहवालाला वेळ होता म्हणून हे मला सतारमेकर गल्लीत घेऊन गेले. एप्रिल होता. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला नुकतेच भौगोलिक मानांकन मिळाले होते आणि गल्लीत त्याचा आनंद होता. एका दुकानात भिंतीशी एक तंबोरा टेकवलेला होता. त्याची दांडी भोपळ्यापासून सुटली होती आणि गळ्याचा तो सांधा सरसाने पुन्हा जोडून वरून दोरीचे घट्ट वेढे दिले होते. खुंट्यांना लटकलेल्या तारा निर्जीव वाटत होत्या. कारागीर वयस्क होते. माझ्या गळ्यातला पट्टा पाहून त्यांनी आधी मला स्टूल दिले, मग म्हणाले, "गळा जोडलाय, बाई. आता ह्याला तार चढवायची नाही. वरनं वाळल्यासारखा दिसतो, पण आत ओला असतो. घाई केली तर तारेच्या ओढीनं पुन्हा उघडतो." किती दिवस, असे ह्यांनी विचारले. ते म्हणाले, "हवेवर आहे." तासाभराने डॉक्टरांनी फिल्म प्रकाशासमोर धरून जवळजवळ तेच सांगितले: पट्टी आणि स्क्रू जागच्या जागी आहेत, पण त्यांचे काम फक्त धरून ठेवण्याचे; खरा जोड हाडाचा, आणि हाड एकजीव व्हायला तीन महिन्यांपासून वर्षापर्यंत कितीही वेळ लागू शकतो. तोवर वजन उचलायचे नाही, झटका बसू द्यायचा नाही, वेदनाशामक गोळ्याही मनाने घ्यायच्या नाहीत, कारण त्यांतल्या काहींमुळे हाड जुळायला उशीर होतो. मला दोन्ही माणसांचे हात आठवतात. दोघेही बोलताना सांध्याला बोट न लावता त्याच्या जरा वर बोट धरत होते.

पट्टा निघाल्यावर मान वळेल का, ही मोठी भीती होती. वळली. मान डावी-उजवीकडे वळते त्यातले निम्म्याच्या आसपास काम सर्वांत वरचे दोन मणके करतात, त्यामुळे खालचे दोन कायमचे एक झाले तरी बाहेरून फारसे कळत नाही. मला कळते. छताकडे पाहताना एका जागी मान थांबते, आणि गर्दीत मागून कुणी हाक मारली तर मी अख्खी वळते. शेजारच्या सांध्यांवर आता जास्त ताण येणार आणि पुढेमागे त्यांचेही काही निघू शकते, हेही डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे. हा विचार मी रोज करत नाही. रात्री कूस बदलताना मात्र करते.

हात परतण्याची गती मानेहून फार वेगळी निघाली. जतकडचा एक तरुण फिजिओ आठवड्यातून दोनदा घरी येई. परातीत हरभरे, तूर आणि मोहरी एकत्र करून तो मला ती निवडायला लावी. हरभरे जमले. तूर जमली. मोहरी जमेना, आणि एके दुपारी मी ती परात ढकलून दिली. पलंगाखाली गेलेली मोहरी त्या मुलाने एक शब्द न बोलता गुडघ्यांवर बसून गोळा केली, आणि त्या वेळी मला अचानक सातवी 'ब' मधला एक मुलगा आठवला. त्याचे अक्षर वाईट होते. नुसते वाईट नव्हे, तर एका ओळीत एकच अक्षर तीन तऱ्हांनी काढलेले, शिरोरेघ कधी वर, कधी आरपार. मी त्याला वर्गासमोर उभे करून वही सगळ्यांना दाखवली होती, कोंबडीचे पाय म्हटले होते आणि "हात मोडलाय का तुझा?" असेही विचारले होते. तो गप्प राहिला. त्याच्या हाताला खरेच काही होते का, हे मला आज सांगता येणार नाही. तेव्हा मला ते विचारायचे सुचले नाही, एवढेच सांगता येते. लक्ष दिले की अक्षर येतेच, ही माझी तेव्हाची श्रद्धा होती. बँकेच्या खिडकीत मी जितके लक्ष दिले, तितके आयुष्यात क्वचितच कशाला दिले असेल. तो मुलगा आता चाळिशीला आला असेल. तो कुठे आहे, हे शोधण्याचा मी प्रयत्न केला आणि मला यश आले नाही.

जूनमध्ये, शाळा सुरू होतात त्या आठवड्यात, मी बाजारातून दुरेघी वही आणली. खाली मान घालून लिहिणे अजून मना होते, म्हणून ह्यांनी माळ्यावरचा नकाशे काढायचा जुना फळा उतरवला आणि टेबलावर विटा लावून तो तिरका बसवला. पहिले पान 'ग म भ न' चे. मुलांना आपण याच अक्षरांपासून सुरुवात करायला लावतो, कारण ती सोपी. मला सोपी गेली नाहीत. बाकदार वळण त्यातल्या त्यात साधत होते, पण उभी रेघ थरथरे, आणि शिरोरेघ तर मुळीच सरळ येईना. मला तेव्हा प्रथमच नीट दिसले की शिरोरेघ हे लिहिण्यातले सर्वांत अवघड काम आहे. अक्षर काढताना बोटे हलतात, तळहात टेकलेला असतो. शिरोरेघ ओढताना मात्र मनगट आणि कोपर एकाच वेगाने, एकाच दाबाने सरकावे लागते. तीच रेघ मी हरिपूरच्या त्या बायकांना अगदी शेवटी, सहज, जणू नुसते झाकण घालायचे असल्यासारखी शिकवली होती. त्या श्वास का रोखून धरत, ते मला तीस वर्षांनी कळले. दिवाळीपर्यंत पाच वह्या भरल्या. मूठ सतरावर आली आणि तिथेच राहिली. ह्यांच्या वहीत ऑगस्टपासून पुढे सतरा, सतरा, अठरा, सतरा असेच आकडे आहेत. निऱ्या जमतात. हुक जमतात. मोहरी अजूनही बोटांना कळत नाही, डोळ्यांनीच पाहावी लागते. विजेची ती तार मात्र शस्त्रक्रियेच्या दिवसापासून एकदाही फिरली नाही. आता मी देवघरात डोके टेकवते तेव्हा क्षणभर तिची वाट पाहते, आणि ती येत नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा हयातीच्या यादीसाठी बँकेत गेले. हे बरोबर येतो म्हणत होते, मी नको म्हटले. खिडकीत तोच तरुण होता. त्याने मला ओळखले नाही, आणि त्याने ओळखावे असे मलाही वाटत नव्हते. माझ्यापुढे एक म्हातारी होती, नवऱ्याच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन घेणारी, गुडघ्याशी लुगडे घट्ट धरून उभी. त्याने तिच्यापुढे यादी ठेवली आणि सवयीने पॅडही ठेवला. तिने पॅड हाताच्या पालथ्या बाजूने जरासा दूर सारला आणि पेन घेतले. एकेक अक्षर सुटे सुटे, शेजारच्याला न लावता काढले. चार अक्षरांना बराच वेळ लागला. मग तिने पेन उचलून पहिल्या अक्षराच्या डोक्यावर नेले, थांबली, आणि वरून रेघ ओढली. तिच्या पाठीचा श्वास थांबलेला मला मागून दिसत होता. मला तिचा चेहरा दिसला नाही, आणि ती वळून निघून गेली तेव्हा मी मान पटकन वळवू शकले नाही.

माझी पाळी आली. मी सहीचा नवा नमुना द्यायचा आहे असे सांगितले, तेव्हा त्याने तीन चौकोनांचा अर्ज दिला. मी पिशवीतून माझी जाड पाठीची पाटी काढून त्यावर अर्ज ठेवला, म्हणजे मान फार वाकवावी लागत नाही. 'ळ' ची दोन्ही वाटोळी तिन्ही चौकोनांत मिटली. शिरोरेघ पहिल्या दोन सह्यांत आडनावाच्या मध्यावर किंचित खाली आली आणि पुन्हा वर गेली. तिसऱ्या वेळी मी पेन टेकवण्याआधी श्वास रोखून धरला. तिसरीतही ती त्याच जागी तेवढीच खाली आली. त्याने तिन्ही सह्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, शिक्का मारला आणि हयातीची यादी पुढे सरकवली. पॅड त्याच्या कोपराशी होता, झाकण लावलेला.